पुंजारामचे आठ भाव

माझी कीर्तनाची वही अजून शाबूत आहे. शंभर पानी, जुन्या नकाशाचं कव्हर घातलेली. कीर्तनात जे मनाला लागेल ते घरी आल्या आल्या मी तिच्यात उतरवून ठेवायचे. दृष्टान्त, चालींच्या खुणा, बुवांनी मध्येच केलेला विनोदसुद्धा. त्र्याहत्तरच्या चैत्रातलं एक पान मात्र निराळं आहे. त्यावर एकाखाली एक आठ शब्द आहेत, शब्दांसमोर पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत, आणि तळाशी घाईघाईत लिहिलेलं आहे : ‘‘आणि’ला का?’

ते पान पुंजारामचं.

कर्जतपासून सहा मैलांवरच्या गावात मी तेव्हा शाळेवर होते. ओळीने दुसरं साल कोरडं गेलेलं. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं आणि अडीचशे माणसं तिथे माती वाहत होती. शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी कामावर सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक आहार, वाटायची नेमणूक माझ्याकडे आली. संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे सप्ताह. दुष्काळात कसला सप्ताह, असं काही जण म्हणाले. त्यांना कामावरचा मुकादम आसाराम म्हणाला, ‘‘पोटाला न्हाई तर न्हाई, कानाला तरी मिळू द्या की!’’ आणि मांडव पडला.

पुंजाराम दोन्हीकडे असायचा. संध्याकाळी कीर्तनात पखवाज त्याचा. तिशीचा, अंगाने शिडशिडीत, बोलायला कमी. दिवसा तलावाच्या कामावर लाल निशाण आणि शिट्टी त्याच्याकडे. खडक फोडायला रोज दुपारी सुरुंगाचे बार उडायचे. त्याआधी शिट्टी मारायची, सगळ्यांना मातीच्या मोठ्या ढिगामागे आणायचं, डोकी मोजायची, आणि मग निशाण खाली करायचं. निशाण खाली आलं की सहादेव वातीला बत्ती देऊन पळत यायचा. हे काम पुंजारामला का, असं मी एकदा आसारामला विचारलं होतं.

‘‘बाई, ज्याची मात्रा चुकत न्हाई त्यो मानसं मोजायला चुकंल व्हय?’’

मला ते फार पटलं होतं.

सप्ताहाला बेलापूरकडचे रंगनाथबुवा आले होते. गोड गळ्याचे, पोट हलवून हसणारे. दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात त्यांनी भक्ताच्या अंगावर उमटणारे आठ सात्त्विक भाव सांगितले, आणि नुसते सांगितले नाहीत, करून दाखवले. नाव घेता घेता माणूस खांबासारखा ताठ होतो, तो स्तंभ. घाम फुटतो तो स्वेद, अंगावर काटा येतो तो रोमांच. गळा दाटतो, हात कापतात, तोंडावरचा रंग उडतो, डोळे वाहतात. आणि सगळ्यात शेवटी देहाची शुद्धच हरपते, तो आठवा, प्रलय. ‘‘सात जणांत सात बघितलेत मी,’’ बुवा म्हणाले, ‘‘पण आठच्या आठ एका माणसात? बघितले न्हाईत बुवा. तुमच्या गावात हाय का कुणी?’’

लोक हसले. माझी नजर सहज बुवांच्या उजव्या हाताला गेली. पुंजाराम पखवाज बांधून उभा होता आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

घरी येऊन मी आठ शब्द लिहिले आणि ‘अश्रू’समोर पहिली रेघ ओढली.

माझी जागा बायकांच्या पुढच्या रांगेत. तिसऱ्या दिवशी मी कीर्तन कमी ऐकलं आणि पुंजारामकडे जास्त पाहिलं, हे कबूल करते. देवळाच्या भिंतीला सावली आली होती, वारा होता, आणि त्याचा सदरा पाठीला चिकटलेला. स्वेद. बुवांनी टाळकऱ्यांना थांबवून नाव उचललं, पुन्हा टाळ एकदम कोसळले, आणि त्याच्या दंडावर काटा उभा राहिलेला मला दिव्याच्या उजेडात दिसला. चौथ्या दिवशी कंप आणि वैवर्ण्य एकदम. ओठ तर राखेसारखे झाले. त्याच दिवशी कीर्तन संपल्यावर कुणीतरी त्याला पाणी दिलं. ‘‘असू द्या,’’ एवढं म्हणायला त्याला तीनदा आवाज काढावा लागला. स्वरभंगाची रेघ मी ओढली तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला होता. आपल्या गावात, आपल्या डोळ्यांदेखत!

ही गोष्ट माझ्यापाशी राहिली असती तर मी ती मी कसली! सकाळी पाण्याच्या टँकरपाशी पुंजारामची आई आक्काबाई भेटली. तिला सांगितलं. ती घागर खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.

‘‘मला ठावं हाय बाई. पंधरा-वीस दिस झालं, भाकरीला हात लावत न्हाई. चतकोर मोडतो अन् उठतो. रातच्याला बसूनच असतो. म्या म्हनलं, सून म्हायेरी गेलीया बाळतपनाला, म्हनून आसंल. तर हे वैराग्य हुतं व्हय!’’ तिने पदराने डोळे टिपले. ‘‘माज्या लेकराला देवानं धरलं.’’

दुपारपर्यंत कामावरच्या अडीचशे माणसांना ते माहीत झालं. सुकडीच्या रांगेतून दोन बायका गेल्या आणि पुंजारामच्या पाया पडल्या. तो दोन पावलं मागे सरकला. हातातली शिट्टी त्याने इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती.

‘‘बगा, लाजतोय,’’ एक बाई कौतुकाने म्हणाली.

पाचव्या दिवशी टोचायला नर्स आली. एलिझाबेथबाई, नगरच्या. दर आठवड्याला यायच्या, त्यामुळे आमची ओळख होती. पुंजारामचा दंड धरून त्यांनी सुई दिली, मग त्याचं मनगट बराच वेळ धरून ठेवलं. तो गेल्यावर त्या माझ्यापाशी येऊन बसल्या.

‘‘हा माणूस झोपतो का हो?’’

मी खुशीतच होते. वही पिशवीतच होती. काढून त्यांना पान दाखवलं. आठ भाव समजावून सांगितले. त्यांनी थट्टा केली नाही. नीट वाचलं, रेघा मोजल्या.

‘‘आमच्याकडेही कीर्तन असतं बाई. माझे वडील करायचे. झांजा, पेटी, सगळं. येशूच्या दुःखाचं आख्यान लागलं की माणसं हुंदके देऊन रडायची.’’ त्यांनी वही माझ्या हातात दिली. ‘‘पण घरी गेल्यावर जेवायची. पोटभर जेवायची आणि गाढ झोपायची. ताप नाही, आणि नाडी मात्र धावत सुटल्यासारखी, असं मी कीर्तनानं झालेलं पाहिलं नाही.’’

‘‘मग कशानं?’’

‘‘ते मला एका मनगटावरून कसं कळेल? तुम्ही रोज बघता ना त्याला? कधी होतं ते बघा. काय होतं ते पुष्कळ लिहिलंत.’’

मला थोडा राग आला. पण प्रश्न डोक्यात बसला. खरंच, कधी? त्या संध्याकाळी मी नवीन काम हाती घेतलं. भाव उमटला की बुवांच्या तोंडी त्या क्षणी कोणता शब्द आहे, तो टिपायचा. देवाचं नाव असणार, दुसरं काय?

पहिल्यांदा त्याचा हात कापला तेव्हा शब्द होता ‘जातं’. दुसऱ्यांदा तो ताठ झाला, पखवाजावर हात तसाच अधांतरी, तेव्हा बुवा एका कंजूष पाटलाची गोष्ट सांगत होते आणि शब्द होता ‘घोडी’. स्तंभाची रेघ ओढली खरी, पण घोडीपाशी? तिसऱ्यांदा डोळे भरले तेव्हा तर शब्द होता नुसता ‘आणि’. मी लिहून चक्रावले. ‘आणि’ला कुणाला रडू येतं?

मग मी शब्द सोडले आणि ताल धरला. लहानपणापासून कीर्तनात बसलेल्या माणसाची बोटं आपोआप पेरांवर फिरतात. टाळ सुरू झाले की भजनी ठेक्याचं एक आवर्तन, एक पेर. सोळा पेरं झाली, आणि पुंजारामच्या तोंडावरचा रंग उडाला. सतरावी सम पडली तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले होते आणि खांदे कानापर्यंत नेले होते, वरून काही पडणार असल्यासारखे. पुढची चाल लागली. पुन्हा मोजलं. पुन्हा सोळा.

सोळाला काय आहे? घरी येऊन वहीत आकडा लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि बसून राहिले. सोळा म्हणजे काय काय असतं ते सगळं आठवून झालं. काही जुळेना.

सहाव्या दिवशी दुपारी मी सुकडीचं पातेलं झाकून ढिगामागे आले. शिट्टी झाली, ‘‘बार हाय होऽ, बाजूला व्हा!’’ झालं. बायामाणसं गोळा झाली. माझ्या शेजारी बनुबाई येऊन टेकली. गावातली सगळ्यात म्हातारी कामकरीण, कानाने जवळजवळ बंद. पुंजाराम डोकी मोजत फिरत होता. एकदा मोजून झालं, निशाण खाली करणार तोच त्याने पुन्हा मोजायला सुरुवात केली. मग तिसऱ्यांदा.

‘‘अरं, झालं का न्हाई?’’ आसाराम ओरडला. ‘‘काय लगीन लावायचंय का मानसांचं?’’

निशाण खाली आलं. सहादेव बत्ती देऊन धावत आला. आणि मी पाहिलं, ढिगाच्या टोकाशी उभ्या पुंजारामची बोटं मांडीवर चालू लागली. पखवाज नव्हता, टाळ नव्हते, पण बोटांखाली भजनी ठेका होता. वात किती जळली ते तो ठेक्यावर मोजत होता! माझी बोटं न सांगता पेरांवर गेली. एक, दोन, तीन.

सहाव्या आवर्तनाला त्याला घाम फुटला. नवव्याला तो ताठ झाला. मागून कुणी तरी हळूच म्हणालं, ‘‘आला, भाव आला बगा,’’ आणि पाच-सहा बायकांनी हात जोडले. अकराव्याला पुंजारामच्या हातातलं निशाण गळून पडलं आणि तो पळत सुटला. सुरुंगाकडे. उघड्या खडकाकडे.

‘‘बनुबाईऽ!’’ तो ओरडत होता. ‘‘बनुबाई, वर या!’’

बनुबाई माझ्या शेजारी बसून तंबाखू मळत होती.

आसाराम शिव्या देत ओरडला. सहादेव ओरडला. मी म्हातारीला दंडाला धरून उभी केली आणि ‘‘इथंय, बनुबाई इथंय!’’ म्हणून गळा फोडला. त्याला काहीच ऐकू जात नव्हतं. तो वाकून खडकांच्या फटींत बघत होता. माझा अंगठा तेराव्या पेरावर होता. काय सुचलं कोण जाणे, मी दोन्ही हातांची टाळी त्याच्या ठेक्यावर लावली आणि ओरडले,

‘‘पुंजाराम, तेरावं संपलं! चौदावं सुरू झालं, चौदावं!’’

तो थांबला. मान वळवून माझ्याकडे बघितलं. कीर्तनात टाळकरी चुकला की बघतो तसं. मी टाळी थांबवली नाही. त्याने जागा बघितली, जुन्या फोडलेल्या दगडांची रास डावीकडे होती, तिच्यामागे उडी टाकली. पंधरा. सोळा. बार झाला.

धूळ बसल्यावर आसाराम आणि मी धावलो. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो बसून होता आणि दात एकमेकांवर वाजत होते, त्या उन्हात. आम्ही त्याला बाभळीखाली आणलं. पाणी पाजलं.

‘‘बाई,’’ तो म्हणाला, ‘‘लोकास्नी सांगा माज्या पाया पडू नका म्हनून. ह्ये देवाचं न्हाई. ह्ये भ्याचं हाय.’’

मग तुकड्यातुकड्याने निघालं. तीन आठवड्यांमागे त्याने डोकी मोजली होती, निशाण केलं होतं, बत्ती दिली गेली होती. बाराव्या आवर्तनाला त्याला ओढ्याच्या वळणात हिरवं लुगडं दिसलं. बनुबाई शेण गोळा करत होती. शिट्टी तिला ऐकूच गेली नव्हती. तो पळाला, तिला ओढत एका दरडीआड घेऊन पडला, आणि बार झाला. डोक्याएवढा धोंडा तिच्या पाटीवर येऊन बसला.

‘‘अन् ती काय म्हनली ठावं हाय? ‘माजं समदं शेन सांडलंस की रं मेल्या!’’’ तो हसायला गेला, जमलं नाही. ‘‘कुनी बघितलं न्हाई. कुनी मेलं न्हाई, कुनाला लागलं न्हाई. मग सांगायचं काय? पन तवापास्नं आकडा डोक्यात ऱ्हात न्हाई. मोजतो अन् इसरतो. काल दोनशे चाळीस हुते का दोनशे चौदा? डोळा लागला की बार हुतो. अन् रातच्याला कीर्तनात ठेका धरला की वात पेटल्यावानी वाटतं. सोळा झाली की...’’ त्याने खांदे कानापर्यंत नेले.

आसाराम खाली बसला. ‘‘मला का न्हाई बोललास, येड्या?’’

‘‘बोलनार हुतो. तवर ह्यांनी पाया पडायला घेतलं. आता कसं म्हनू, मी नुसता भ्यालोय म्हनून?’’

माझ्या पिशवीत ती वही होती. त्या क्षणी ती मला फार जड झाली. टँकरपाशी घागर खाली ठेवून ऐकणाऱ्या आक्काबाईला मीच ते सांगितलं होतं ना!

शिट्टी आसारामने स्वतःच्या गळ्यात घातली. सुकडीची वेळ मी तिथल्या तिथे बदलून घेतली. परवापासून बार उडायच्या आधी, ढिगामागेच. हातात गरम सुकडी असताना अडीचशेतलं एकही माणूस ओढ्याकडे फिरकणार नाही आणि डोकी मोजायची ती पळ्यांनी मोजली जातील. बनुबाईला मी माझ्या पातेल्याजवळची जागा कायमची दिली. ती म्हणाली, ‘‘दोन पळ्या घालशील का?’’

संध्याकाळी कीर्तनाआधी बुवांना गाठलं. ते आक्काबाईच्या ओसरीवर चहा पीत होते. सगळं सांगितलं, वहीचं पान दाखवलं. बुवांनी कपबशी खाली ठेवली. पानावरच्या रेघांवरून बोट फिरवलं.

‘‘बाई, पाच दिवस मी ह्या पोराकडं बघून कीर्तन करतोय,’’ ते म्हणाले. ‘‘त्याच्या डोळ्याला पाणी आलं की मला वाटायचं, आज रंगलं. आज आपला गळा लागला.’’ मग कानशिलं चोळत म्हणाले, ‘‘लई मोठा झालो होतो मी मनातल्या मनात.’’

आक्काबाई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ‘‘म्हंजी माज्या लेकाला देव न्हाई लागला?’’

बुवा उठले. ‘‘आक्का, ते मला न्हाई कळत. भाकऱ्या किती हायत? आज त्याच्या ताटाशेजारी माझं ताट मांडा. तो घास घेईल तेव्हा मी घेईन. बघू कोण आधी उठतं ते.’’

बुवांचं खाणं गावाला माहीत होतं. त्या दिवशी ते एका भाकरीला पाऊण तास बसले, आणि पुंजारामने अर्धी खाल्ली. पखवाज बुवांबरोबर आलेल्या राधाकृष्ण टाळकऱ्याने बांधला.

एलिझाबेथबाईंना निरोप गेला. त्यांनी नगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी पाठवली, आणि सप्ताह आटोपल्यावर बुवा परतीच्या एसटीने पुंजारामला स्वतः तिथे घेऊन गेले. तो महिनाभर नगरलाच राहिला. पखवाजाला त्याने हात लावला तो दिवाळीनंतर, आधी घरातच, बाळाला मांडीवर घेऊन एका हाताने. पण ते पुढचं. वहीच्या पानावर शेवटची नोंद आहे ती सातव्या दिवशीची, काल्याच्या कीर्तनाची.

काल्याचं कीर्तन सकाळचं. त्या दिवशी कामाला सुट्टी होती, सगळा गाव मांडवात. वर हंडी बांधलेली. दूध-दही कुठलं, पातळ ताकात ज्वारीच्या लाह्या. पुंजाराम पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांत बसला होता, मांडवाच्या खांबाला पाठ लावून, शेजारी आसाराम. बुवांनी गोपाळांच्या शिदोरीचं आख्यान लावलं. एकाच्या शिदोरीत काहीच नव्हतं, तो मागे मागे बसला होता, आणि देवाने नेमकं त्यालाच विचारलं, तुझी शिदोरी दाखव. गळा असा लागला होता, की मी लिहायचंसुद्धा विसरले.

तेवढ्यात आक्काबाईने माझा हात दाबला. ‘‘बाई! आठवा!’’

पुंजारामची मान छातीवर पडली होती. हात मोकळे, तोंड उघडं. शुद्ध नव्हतीच. बायकांत कुजबूज उठली, पुढच्या दोघीतिघी हात जोडून उठल्या, आणि मीसुद्धा, इतकं सगळं कळल्यावरही, क्षणभर घाबरून गुडघ्यावर आले. सरकत जवळ गेले. कान लावला.

मी मागे वळून बायकांना खूण केली : बसा. मग बुवांकडे बघून दोन्ही तळहात जोडून गालाला लावले.

बुवांनी आख्यान थांबवलं नाही. फक्त आवाज उतरवला, एक पायरी, आणखी एक, अंगाईच्या जवळ. डाव्या हाताने टाळकऱ्यांना खुणावलं. टाळकऱ्यांनी टाळ मुठीत धरले. नाद मेला, नुसती टिकटिक उरली. राधाकृष्णने पखवाजावर उपरण्याची घडी टाकली. पोरांना आयांनी मांडीवर दाबलं. पाचशे माणसांचा तो काला, आणि मांडवात सगळ्यात मोठा आवाज पुंजारामच्या घोरण्याचा. मी पेरं मोजली. सोळा झाली, सतरावी सम आली, गेली. त्याचा खांदा हलला नाही.

आख्यान संपलं. हंडी फोडायची वेळ झाली. गोविंदा गोविंदा करत पोरं उठणार, तोच आक्काबाई हंडीखाली जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

‘‘कुनी हात लावू नका,’’ ती दबक्या आवाजात म्हणाली. ‘‘माजं लेकरू उठू द्या.’’

लोक ऊन सरकेल तसे सावलीला सरकत बसून राहिले. हंडी फुटली तेव्हा तीन वाजून गेले होते आणि लाह्यांचा पार लगदा झाला होता. तो आम्ही बोटं चाटून खाल्ला. पुंजारामने दोनदा मागितला.

वहीत आठव्या शब्दासमोर रेघ नाही. तिथे लिहिलं आहे : ‘घोरला. साडेचार तास.’